मुंबई बेटाचा दिवा आणि मावळचे पाणी

मुंबई हे बेट आहे ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली असली, तरी मुंबईस जाऊन आलेल्या माणसाच्या ती ध्यानात राहत नाही. आगगाडीत बसावे, खाडीवरील पूल केव्हा मागे पडला हे कळूही नये, आणि दादर यावे. सात लहान बेटांमधील उथळ समुद्र भरून काढून त्यांचे एक बेट करण्यात आले आणि पुढे पुलांनी ते बाहेरच्या भूमीस जोडले गेले. परंतु ह्या बेटावर दगडी कोळशाची खाण नाही, बारमाही वाहणारी मोठी नदी नाही, आणि डोंगर म्हणावा तर मलबार हिलची टेकडी. वीज उत्पन्न करावयाची तर निदान एखादे इंधन अथवा उंचावरून पडणारे पाणी हाताशी असावे लागते. असे असता हिंदुस्थानातील विजेच्या आरंभीच्या मोठ्या उद्योगांपैकी एक नेमका ह्याच बेटासाठी उभा राहिला. त्याची हकीकत भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांतील मुलांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असावी असे आम्हांस वाटते. ज्या पाण्यावर तो उद्योग चालला ते आमच्या शेजारच्या खोऱ्यांतील होते. आणि तोच प्रश्न निराळ्या रूपाने आता आमच्याही खोऱ्यांशी येऊन पोचला आहे.

आरंभ मात्र पाण्याने झाला नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले आणि पुढे पुष्कळ वर्षे तेच राहिले. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेच्या दिव्यांचा प्रयोग झाला. पण ज्या कंपनीने तो केला ती लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या उजेडात बसली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, १९०५ साली, 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' स्थापन झाली. हीच पुढे 'बेस्ट' ह्या आद्याक्षरांनी प्रसिद्ध झाली. तिने बंदरापाशी कोळशावर चालणारे वीजघर बांधले, आणि १९०७ च्या मे महिन्यात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम रस्त्यावर आणली. दिवे आणि ट्राम ह्यांपुरते हे भागले. परंतु मुंबईचे खरे पोट कापडाच्या गिरण्यांवर होते, आणि प्रत्येक गिरणी स्वतःच्या बॉयलरात बाहेरून आणलेला कोळसा जाळून वाफेवर चालत असे. हा कोळसा बंगालकडून किंवा समुद्रापलीकडून येई. त्याचा खर्च मोठा आणि धूर त्याहून मोठा.

ह्या ठिकाणी जमशेटजी नसरवानजी टाटा ह्यांचे नाव येते. घाटमाथ्याच्या पावसाचे पाणी अडवून कोकणात सोडावे आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतील एका वास्तुशिल्पज्ञाने पुढे मांडली व जमशेटजींनी ती उचलून धरली. त्यांनी स्वतः तिचे फळ पाहिले नाही. १९०४ मध्ये ते वारले. म्हैसूर संस्थानात कावेरीवर शिवसमुद्रम् येथे १९०२ पासून पाण्याची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जाऊ लागली होती, तेव्हा ही गोष्ट शक्य आहे हे एतद्देशीयांस दिसले होते. जमशेटजींचे पुत्र दोराबजी ह्यांनी वडिलांचा बेत पुढे नेला, आणि ७ नोव्हेंबर १९१० रोजी 'टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी' नोंदली गेली. तिच्या भांडवलात अनेक हिंदी संस्थानिकांचे पैसे होते.

आता ह्या योजनेतील मर्म समजून घेण्यासाठी आपल्याच पायांखालची जमीन पाहावी. सह्याद्रीचा माथा पश्चिमेस कड्यासारखा तुटलेला आहे आणि पूर्वेस हळूहळू उतरत गेला आहे. लोणावळ्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण ते पाणी, समुद्र पश्चिमेस अगदी जवळ दिसत असताही, पूर्वेकडे तोंड करून चालू लागते. इंद्रायणी, मुळा, मुठा, नीरा ह्या सर्वांची हीच रीत. नीरेचे पाणी नृसिंहपुरापाशी भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. म्हणजे तोरण्याच्या माथ्यावर पडलेला थेंब कोकणचा समुद्र टाकून जवळजवळ सारा दक्षिण देश ओलांडून जातो. जाताना तो सावकाश उतरतो, आणि सावकाश उतरणाऱ्या पाण्यापासून वीज फारशी मिळत नाही. टाटांच्या इंजिनिअरांनी केले ते इतकेच की, पूर्वेस निघालेले हे पाणी घाटमाथ्यावरच धरणांनी अडविले आणि त्याचे तोंड पश्चिमेस फिरविले. कड्यावरून कोकणात सुमारे पाचशे मीटर ते एकदम पडते.

पाचशे मीटर म्हणजे काय हे आकड्यांनी सांगितल्यास मुलांस बरे समजेल. विजेच्या बिलात ज्यास युनिट म्हणतात, ते म्हणजे दहा वॉटचा एक दिवा शंभर तास जळण्यास लागणारी वीज. घाटाच्या कड्यावरून पाणी सोडले असता असे एक युनिट मिळविण्यास साधारण आठ-नऊशे लिटर पाणी लागते. पंधरा लिटरची घागर धरली तर सुमारे साठ घागरी. आता आमच्या भाटघरचे धरण घ्या. तेथे पाणी पडते ते फार तर चाळीस-पन्नास मीटर, म्हणजे दशांश. तेव्हा तेच एक युनिट मिळविण्यास तेथे सहाशेहून अधिक घागरी ओताव्या लागतात. पाणी तेच, पाऊस तोच. फरक केवळ उंचीचा. भाटघरचा साठा साडेतेवीस अब्ज घनफुटांच्या आसपास आहे, मुळशीच्या साठ्याहून तो काही कमी नाही; तथापि भाटघरचे वीजघर १६ मेगावॉटचे आणि मुळशीच्या पाण्यावरील भिऱ्याची जुनी जनित्रे मिळून १५० मेगावॉटची, ह्याचे कारण ह्या घागरींच्या हिशेबात आहे.

लोणावळा, वळवण आणि शिरवटे येथील तलावांचा पाया ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क ह्यांच्या हस्ते घातला गेला, आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीचे वीजघर लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी सुरू केले. (इंग्रजी पुस्तकांत ह्या घाटास कित्येकदा 'भोर घाट' म्हटलेले आढळते. तो बोरघाट होय. आमच्या भोरशी त्याचा संबंध नाही. परीक्षेच्या कागदात ही चूक वारंवार दिसते म्हणून येथे सांगून ठेवतो.) खोपोलीस पाणी जाड लोखंडी नळांतून खाली येते आणि एका चाकाच्या कडेस बसविलेल्या वाट्यांवर आपटते. आपल्या विहिरीवरचा जुना रहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो उलटा चालतो असे मनात आणावे. रहाटात बैल चाक फिरवितो आणि गाडगी पाणी वर आणतात. येथे पाणी वरून वाट्यांवर आदळते आणि चाक फिरते. त्या चाकाच्याच आसाला जनित्र जोडलेले असते.

वीज झाली, पण ती होती खोपोलीस आणि गिऱ्हाईक परळास, सुमारे सत्तर किलोमीटरवर. तारेतून वीज वाहताना तार तापते आणि तितकी वीज वाया जाते. ही नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा केला तर नासाडी चतुर्थांश होते. तेव्हा प्रवाह कमी आणि दाब मोठा ठेवावा, हाच उपाय. खोपोलीची वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने डोंगर, भातखाचरे व खाड्या ओलांडून मुंबईत आली, आणि एकामागून एक गिरण्यांनी बॉयलर विझवून तारा जोडून घेतल्या. बेस्ट कंपनीनेही हळूहळू स्वतःची वीज करणे सोडले आणि टाटांची वीज घाऊक घेऊन किरकोळ विकण्याचे काम पत्करले. बेटावरची वीज अशा रीतीने बेटाबाहेर गेली.

मागणी वाढली तशा कंपन्याही वाढल्या. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली कंपनी निघाली. तिने ठोकरवाडी येथे आंध्रा नदी अडविली आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू केले. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली. तिने दृष्टी टाकली ती नीला आणि मुळा ह्यांच्या संगमावर, म्हणजे मुळशीवर. मुळशी ही वेल्ह्याची उत्तरेकडील शेजारीण. हवापाणी तेच, भाताची आंबेमोहोर शेती तीच, माणसे तीच.

मुळशीचे लोक हे मान्य करण्यास तयार नव्हते. धरणाखाली सुमारे पन्नास गावे जाणार होती, आणि मोजणी व खोदकाम मालकांची संमती न विचारता सुरू झाले होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबविले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापट ह्यांस 'सेनापती' हे नाव ह्याच लढ्यात मिळाले. त्यांच्याविषयी एक गोष्ट आम्हांस नेहमी विचार करण्याजोगी वाटत आली आहे: ते यंत्रशास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्ती घेऊन विलायतेस गेलेले गृहस्थ होते. यंत्र म्हणजे काय हे न समजून त्यांनी विरोध केला, असे म्हणण्याची सोय नाही. त्यांचा प्रश्न यंत्राचा नव्हता. ज्याची जमीन जाते त्यास विचारले कोणी, असा होता.

लढा तीन वर्षांहून अधिक काळ चालला. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. मधल्या काळात ज्यांच्याकडे कागदोपत्री जमिनी होत्या अशा कित्येक सावकारांनी मोबदला स्वीकारला, आणि कसणारे कुळ एकटे पडले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामाची आगगाडी अडविण्याचा मार्ग धरला. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. धरण पुरे झाले. १९२७ मध्ये मुळशीचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून कोकणातील भिऱ्यास उतरले व मुंबई बेटावर आणखी दिवे लागले. ह्या मावळांतून पोटासाठी गिरणीत गेलेली माणसे ज्या साच्यापाशी उभी राहत, तो साचा त्यांच्याच मुलखाच्या पाण्यावर फिरत होता. उलट धरणाच्या काठावरील कित्येक वाड्यांनी विजेचा दिवा पाहिला तो पुष्कळ दशकांनंतर. मुंबईचा धूर कमी झाला, लाखो माणसांस काम मिळाले, हे खरे. आणि मुळशीच्या शेतकऱ्यास त्याचा योग्य वाटा मिळाला नाही, हेही खरे. एक सांगून दुसरे झाकू नये, इतकेच आमचे म्हणणे.

ह्याच काळात आमच्या बाजूसही एक मोठे धरण उभे राहत होते. भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले जुने धरण होते. त्याच्याच खालच्या अंगास नवे उंच धरण १९२८ मध्ये पुरे झाले. गव्हर्नराच्या नावावरून त्यास लॉइड धरण म्हणत. वेळवंड खोऱ्यातील जमीन त्याखाली गेली. अजूनही कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे कांबऱ्याच्या कांबरेश्वराचे देऊळ बाहेर येते आणि लोक ते पाहण्यास जातात. परंतु भाटघरचे पाणी पश्चिमेस वळविले गेले नाही. ते नीरेच्या कालव्यांनी पूर्वेस, दुष्काळी मुलखात गेले. त्यावर वीजघर बसविण्यात आले ते फार उशिरा, १९७७ मध्ये, तेव्हा भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन २९ वर्षे झाली होती. नीरेवरील वीर येथे ९ मेगावॉट, वेल्ह्याकडील पानशेत व वरसगाव येथे प्रत्येकी ८ मेगावॉट, आणि भाटघरचे १६, मिळून ४१ मेगावॉट होतात. खोपोली, भिवपुरी व भिरा ह्यांची बेरीज आज ४४७ मेगावॉट आहे. मात्र आमच्या धरणांचे पाणी चाक फिरवून झाल्यावर पुढे शेत भिजविते. कोकणात उतरलेले पाणी कुंडलिकेकाठच्या लोकांच्या काही उपयोगी पडते, पण भीमेच्या खोऱ्यास ते कायमचे अंतरले. कृष्णा पाणीतंट्याच्या पहिल्या लवादाने ह्या पाण्यास मर्यादा घातली. ती वर्षास सरासरी सुमारे ४२ अब्ज घनफूट इतकी येते. दुष्काळाच्या वर्षी भीमेच्या काठावरून हे पाणी परत मागितले जाते. ते उगाच नव्हे.

कंपन्यांची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये उपनगरांसाठी 'बॉम्बे सबर्बन' ही निराळी कंपनी निघाली. २००३ नंतर ती रिलायन्सच्या नावाने चालली, आणि २०१८ पासून अदाणींची आहे. बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ रोजी नगरपालिकेच्या मालकीची झाली. तिच्या ट्राम १९६४ मध्ये बंद पडल्या, वीज मात्र बेटास अद्याप तीच पुरविते. टाटांनी १९५६ मध्ये तुर्भ्यास औष्णिक वीजघर बांधले, कारण पाण्यावर भागेना. आज उन्हाळ्यात मुंबईची मागणी साडेतीन हजार मेगावॉटच्याही पुढे जाते. बेटाबाहेरच्या महाराष्ट्रासाठी १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ आले, १९६२ मध्ये कोयनेची वीज आली, आणि त्यानंतरच खेड्यापाड्यांत खांब उभे राहू लागले. मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले; आमच्या घरी बिल येते ते त्यातून निघालेल्या महावितरणचे.

मुंबई आता साऱ्या देशाच्या तारांच्या जाळ्यास जोडलेली आहे. तरीही वीजशास्त्रात तिला पुन्हा बेट करण्याची एक युक्ती ठेवलेली आहे, आणि तिचे नावच 'बेट' ह्या शब्दावरून पडले आहे. जाळ्यातील सर्व जनित्रे एका तालात, सेकंदास ५० आवर्तनांनी, फिरतात. एकाच गाड्यास जुंपलेल्या बैलांप्रमाणे. बाहेर कोठे मोठा बिघाड झाला तर ताल बिघडतो आणि सारे जाळे कोसळू शकते. अशा वेळी मुंबईने आपोआप बाहेरच्या तारा तोडाव्यात, आपली काही मागणी सोडून द्यावी, आणि तुर्भे व घाटाखालची वीजघरे ह्यांवर एकटीने उभे राहावे, अशी ही योजना आहे. १९८० नंतरच्या दशकापासून तिने अनेकदा शहरास तारले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मात्र कळव्याकडील तारा पडल्या, तुर्भ्याचे जनित्रही थांबले आणि बेट उभे राहिलेच नाही. लोकलगाड्या वाटेत थांबल्या. काही भागांत वीज परत येण्यास संध्याकाळ झाली. अंधार पडल्यावर पहिले जनित्र सुरू करावयाचे तर त्यासही थोडी वीज लागते, आणि कोळशाच्या वीजघरास ती फार लागते. पाण्याच्या वीजघरास झडप उघडली म्हणजे बहुतांशी पुरते. शंभर वर्षांची ती जुनी चाके इतक्या मोठ्या शहरास अद्याप हवी असतात, ती ह्यासाठी.

ह्या चाकांस आता आणखी एक काम लागले आहे. सूर्यापासून होणारी वीज दुपारी मुबलक असते आणि दिवेलागणीस नसते. ती साठवून ठेवण्याचा आजवरचा सर्वांत मोठा आणि खात्रीचा उपाय म्हणजे दुपारच्या वीजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवावे आणि संध्याकाळी पुन्हा खाली सोडावे. रहाट प्रथम सुलटा, मग उलटा. भिऱ्यास असे १५० मेगावॉटचे यंत्र पूर्वीच बसले आहे. भिवपुरी येथे १००० आणि शिरवटे येथे १८०० मेगावॉटची यंत्रे बसविण्याचा करार टाटा कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी केला. अशा योजनांस उंच कडा, वर एक तलाव व खाली एक तलाव हवा. सह्याद्रीत अशा जागा पुष्कळ, आणि सरकारी अभ्यासाच्या यादीत पानशेत व वरसगाव ही नावेही आलेली आहेत.

पानशेतच्या नावाबरोबर १२ जुलै १९६१ ची आठवण पुणेकरांस होते, धरण फुटून शहरात पाणी शिरले ती. वेल्हेकरांस त्याच्या आधीची होते, घरे उठली ती. यादीत नाव असणे म्हणजे काम सुरू होणे नव्हे. पण कधी काळी मोजणीदार साखळी, किंवा आता तिच्या जागी आलेले यंत्र, घेऊन आंबी व मोसे खोऱ्यांत आलेच, तर वरचा तलाव कोणाच्या गायरानावर येतो, मोबदला कागदावरच्या मालकास की कसणाऱ्यास, आणि त्या तलावाच्या काठच्या वाडीस पहिल्या दिवशी दिवा लागणार की पन्नास वर्षांनी, हे प्रश्न विचारता येण्याइतके गणित व इतिहास आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस आता येत आहे.